तीन हजारांची झरणी

‘शाईचे पेन घ्यायचे आहे, पण फार महाग नको’ असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात दोन टोके असतात. एका टोकाला दीडदोनशे रुपयांचे, शाळेच्या दप्तरातले, शर्टाच्या खिशाला निळा डाग देणारे पेन. दुसऱ्या टोकाला निवृत्तीच्या समारंभात मखमली डबीतून मिळणारे आणि पुढे कधीही न उघडले जाणारे पेन. यांच्या मधला जो प्रदेश आहे, साधारण हजार ते तीन हजार रुपयांचा, त्याची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना असते. वास्तविक लिहिणाऱ्या माणसासाठी जे करण्यासारखे असते ते बहुतेक सारे याच प्रदेशात केले जाते. त्यापुढे पैसे वाढतात ते सोन्याचे, लाखकामाचे आणि नावाचे.

माझ्या बाबतीत हा प्रश्न हौसेचा नव्हता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी वर्षभर दुखत होते आणि पाचसहा पाने लिहून झाली की बोटे आखडत. टिपणे आणि लेखांचे पहिले खर्डे मी अजून हातानेच करतो. कळफलकावर मला वाक्य सुचते, परिच्छेद सुचत नाही. तेव्हा लिहिणे सोडणे किंवा साधन बदलणे एवढेच पर्याय उरले. बॉलपेनात घट्ट, तेलकट शाई असते आणि टोकाची गोळी कागदावर दाबून फिरवल्याशिवाय ती उतरत नाही. शाईच्या पेनात काम उलटे चालते. शाई पाण्यासारखी पातळ, निबेला मधोमध बारीक चीर, आणि खाली शाई वाहून आणणारी खाचांची जीभ. टोक कागदाला नुसते टेकले की केशाकर्षणाने शाई आपण होऊन येते. दाब द्यावा लागत नाही. दिला तर निबच बिघडते. फाउंटन पेनाला मराठीत ‘झरणी’ असा एक देखणा शब्द होता. तो रुळला नाही याची मला हळहळ वाटते, कारण या यंत्राचे सारे मर्म त्यात आले होते.

निवड करताना पहिला विचार निबेच्या जाडीचा करावा, आणि तो आपल्या लिपीच्या अंगाने करावा. पेनांविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. देवनागरीची गरज वेगळी आहे. आपल्या अक्षरांच्या पोटात जागा कमी आणि गाठी फार. ‘ख’, ‘ध’, ‘थ’ यांची वाटोळी, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या मोळ्या, खाली उकार-ऋकारांची गर्दी आणि वर मात्रा-अनुस्वारांची. शिवाय शब्द पुरा झाल्यावर आपण शिरोरेषा ओढतो, म्हणजे अजून न वाळलेल्या प्रत्येक उभ्या रेघेच्या डोक्यावरून पुन्हा ओली निब फिरवतो. शाई सढळ असली तर प्रत्येक सांध्यावर ठिपका साचतो आणि ओळ मणी ओवल्यासारखी दिसू लागते. (मोडी लिहिणारे ओळभर रेघ आधीच आखून घेत, ही अडचण त्यांना नव्हती.) म्हणून मध्यम आकाराच्या देवनागरी अक्षराला बारीक निब बरी. त्यातही जपानी निबा जर्मन निबांपेक्षा साधारण एका पायरीने बारीक असतात: जपानी ‘मीडियम’ आणि जर्मन ‘फाइन’ जवळजवळ सारख्या. हे ठाऊक नसल्याने कित्येकांचे पैसे वाया जातात.

आणखी एक मोह टाळण्यासारखा आहे, सपाट टोकाच्या ‘स्टब’ किंवा ‘इटालिक’ निबेचा. तिने इंग्रजी सही मोठी ऐटदार येते. पण देवनागरीच्या बोरूची तिरकी कापणी रोमन लेखणीच्या कापणीच्या उलट असते, आणि त्यामुळे अक्षराच्या जाड-बारीकपणाचा कलही उलटा असतो. इंग्रजी वळणाची निब घेऊन मराठी लिहिले की जाड असायला हवी ती रेघ बारीक येते आणि बारीक ती जाड. अक्षर वाचता येते, पण परक्या उच्चारात बोलल्यासारखे दिसते.

सोन्याच्या निबेबद्दल थोडक्यात सांगतो. सोने आले ते मुख्यतः जुन्या आम्लधर्मी शाया पोलादाला खात म्हणून. आजचे स्टेनलेस पोलाद आजच्या शायांना पुरून उरते. शिवाय कागदाला टेकतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा मणी; तो सोन्याच्या निबेवरही सोन्याचा नसतोच. सोन्याची निब थोडी लवचीक वाटू शकते, पण त्या लवचीकतेसाठी दहा हजारांच्या पुढे जाण्याचे कारण मला दिसले नाही.

मग उरली नावे. जर्मनीची लॅमी ‘सफारी’ 1980 साली शाळकरी मुलांसाठी बाजारात आली. हलकी, दणकट, निब सहज बदलता येणारी. पण तिची पकड तीन बाजूंनी घडवलेली आहे. बोटे कुठे ठेवायची हे ती ठरवते. ज्यांची पकड तशीच आहे त्यांना याहून चांगले पेन या किमतीत मिळणे कठीण. दुखऱ्या अंगठ्याला मात्र हुकूम सोसत नाही. पायलटचे ‘मेट्रोपॉलिटन’ पितळी अंगाचे, निब अतिशय गुळगुळीत. मला ते बारीक आणि जड वाटले.

मी शेवटी वळलो ते एबोनाइटच्या देशी पेनाकडे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर. लेथवर हाताने पेन कातण्याची ही विद्या आंध्रातील राजमहेंद्री आणि तमिळनाडू येथे टिकून आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम् पेनांचा आणि गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहाचा संबंध प्रसिद्धच आहे. हल्ली यांपैकी काही कारागीर आपल्या पेनांना जर्मन पोलादी निबा बसवून देतात, म्हणजे युरोपातल्या कितीतरी महागड्या पेनांवर असते तीच निब. एबोनाइट हातात ऊबदार लागते, घामाने निसटत नाही, आणि पेन जाडजूड असल्याने अंगठ्याला चिमटीत आवळावे लागत नाही. दोष सांगायचे तर पहिले काही दिवस रबराचा वास येतो, आणि काळा रंग उन्हाने तपकिरी होतो.

या पेनांत पुष्कळदा ड्रॉपरने थेट पोटात शाई भरतात. शाई भरपूर मावते, पण आपल्या हवेत एक पथ्य पाळावे लागते. पोट अर्धेअधिक रिकामे झाले की आतली हवा तळहाताच्या उष्णतेने प्रसरण पावते आणि शाईचा थेंब नेमका नव्या पानावर ढकलते. निम्म्यावर आली की भरावी, किंवा कन्व्हर्टर असलेलेच पेन घ्यावे.

शाईसाठी खर्च करू नये असे माझे मत आहे. 1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या उद्योगातून पुढे आलेली कॅमलिनची शाई रोजच्या कामाला पुरेशी आहे. चित्रकारांची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र पेनात कधीही भरू नये. ती आत वाळून बसते. खरी कसोटी कागदाची असते. स्वस्त वह्यांवर शाई फुटते, पाठीमागे उमटते, आणि आपण पेनाला दोष देतो.

दुकानात पेन घेताना भिंगातून निबेचे दोन्ही दात एका पातळीत आहेत ना ते पाहावे, मग बुडवून लिहून बघावे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांच्या काचेवर पडलेल्या चिटोऱ्या पाहिल्या तर त्यांवर ‘श्री’च ‘श्री’ दिसतात. ही परीक्षा उत्तम आहे. गाठ, वळण, उभी रेघ, वेलांटी आणि शिरोरेषा, सारे एका अक्षरात येते. फक्त ते एकदा लिहून थांबू नये. दुकानदार कंटाळेपर्यंत पानभर लिहावे, आणि आपण दाब देतो आहोत का, याकडे लक्ष ठेवावे. माझ्या पानावर विसाव्या ओळीनंतर अंगठा सैल पडला होता. पेनाचे पैसे देऊन तीन हजारांतले चारशे उरले. त्यांत दोन दौती आणि एक बरी वही आली.