जुळण्याआधी विचारा

सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळला की घरात आनंदीआनंद होतो, आणि त्यानंतर कधीतरी कोणीतरी त्या भावंडाला विचारते, 'तू देशील ना?' ही उलटी क्रमवारी मला फार खटकते. रिपोर्ट हाती आल्यावर विचारणे म्हणजे न विचारणेच. आई रडते आहे, आजारी बहीण समोर निजली आहे, अशा वेळी बारा वर्षांच्या पोराच्या तोंडून 'नाही' कसे निघणार? म्हणून माझे म्हणणे एवढेच की, विचारायचे ते तपासणीचा नमुना घेण्याआधी. शिवाय त्या पोराची बाजू पाहणारा डॉक्टर वेगळा असावा.

बोरगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथल्या गोंड वस्त्यांत आहे, तसा विदर्भाला लागून असलेल्या भागात इतर जातींच्या घरांतही आहे. 1 जुलै 2023 ला आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी वाढली, की आज ना उद्या 'हा कायमचा बरा होईल का?' हा प्रश्न येणारच. आजवर सर्वांत भरवशाचे उत्तर म्हणजे जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाचा मॅरो. अशा हजार रुग्णांचा आंतरराष्ट्रीय आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर जिवंत असलेले रुग्ण जवळपास 93 टक्के निघाले. भावंड 'एएस' म्हणजे वाहक असले तरी ते दाता होऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र एचएलए, म्हणजे मॅरो जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारात एक. तीन भावंडे असूनही एकही न जुळण्याची शक्यता 42 टक्के उरते. मग ज्याचे जुळले त्याच्यावर सगळ्या घराची नजर खिळते, यात नवल काय?

यावर पहिला आक्षेप असा, की देणाऱ्याचे जाते काय? खरेच, फारसे जात नाही. पाठीतून पाणी काढतात ही भीती चुकीची आहे, मणक्याला सुईच लागत नाही. पूर्ण भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो ओढतात, बहुधा दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिलिटरच्या आत. काही दिवस कंबर दुखते, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि काही आठवड्यांत मॅरो भरून येतो. खरी झीज रुग्णाची होते. बुसल्फानसारखी औषधे देऊन त्याचा जुना मॅरो संपवतात, पुढे मूल न होण्याचा धोका असतो, महिनोन्‌महिने शहरात खोली घेऊन राहावे लागते. पण धोका कमी असणे आणि विचारायची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूल ती भूलच, आणि तीही ज्याला स्वतःला काही झालेले नाही अशा पोराला. शिवाय दोघांचा डॉक्टर एकच असेल, तर त्याचे मन आजाऱ्याकडेच ओढणार. यात त्याचा दोष नाही, म्हणूनच दुसरा हवा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 मध्ये हेच सांगितले. लहान दात्यासाठी स्वतंत्र कैवारी असावा, पालकांच्या परवानगीबरोबर मुलाचा होकारही घ्यावा, आणि तितकाच चालणारा मोठा नातेवाईक मिळत नसेल तरच मुलाकडे वळावे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. भावाने बहिणीसाठी रक्त द्यायचे यात विचारायचे ते काय, हे अमेरिकेतले चोचले आपल्याकडे कशाला? मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केले, तेव्हाही नऊ वर्षांच्या मुलीला मॅरो मिळाला तो तिच्या भावाचाच. नाते होते म्हणून जमले, हे मलाही मान्य. पण नुसत्या मायेने कधी नुकसानही होते. प्रत्यारोपण ठरण्याआधी घाईघाईने भावाबहिणीचे रक्त चढवले, तर रुग्णाच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढे त्याच भावंडाचा मॅरो नाकारला जाऊ शकतो. तेव्हा रक्त लागले तर ते रक्तपेढीतून, नात्याबाहेरचे घ्यावे. हे सांगायला कोणीतरी घरच्यांसोबत आधीच बसायला हवे, आणि त्याच बैठकीत दात्यालाही विचारता येते. पोराने नकार दिला तर? तर का, ते ऐकावे. बहुतेकदा सुईची, भुलीची किंवा परीक्षा बुडण्याची भीती निघेल, आणि ती बोलून जाते.

इतके ठामपणे लिहूनही अहमदाबादची गोष्ट माझी गाडी अडवते. थॅलेसेमिया असलेल्या मुलासाठी आईवडिलांनी आयव्हीएफने, एचएलए तपासून, बहीण जन्माला घातली. तिचे वजन दहा-बारा किलो होईपर्यंत थांबून मार्च 2020 मध्ये तिचा मॅरो भावाला दिला. विचारणार कोणाला? माझ्या नियमात ती मुलगी बसतच नाही. तरीही त्या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. त्यांच्या जागी मीही बहुधा तेच केले असते.