बुधवाऱ्यातील एक बरणी

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या आमच्या बुऱ्हाणपुरात मोहल्ल्यांना वारांची नावे आहेत. इतवारा, बुधवारा, शनवारा ही नावे ऐकून बाहेरगावच्या पाहुण्यास प्रथम गंमत वाटते, आणि दोन दिवसांत तोही ती सहज घेऊ लागतो. माझे सारे आयुष्य बुधवाऱ्यात गेले. यंत्रमागांची खटखट दिवसरात्र कानी पडते. ती थांबली तरच जाग येते, असे येथील जुनी माणसे म्हणतात. जळगाव जिल्ह्याची शीव अगदी जवळ. तथापि आम्ही मध्य प्रदेशातले. त्यामुळे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोहोंची सरमिसळ, असे आमचे भाषेचे त्रिस्थळी चालते.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या गल्लीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. यंत्रमागावर उभी हयात गेलेला हा माणूस, बोलणे मोजके. त्यांची थोरली मुलगी माझी विद्यार्थिनी. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करते. पीएच.डी. होऊन दोन वर्षे झाली, वय तिशीला आले, पण कायमची नोकरी नाही. दोन-तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि ती संपली की पुन्हा अर्ज. "सर, इकडे शिक्षक भरतीची परीक्षा आहे. तुम्ही सांगितलेत तर ती बसेल. तुमचा शब्द ती मोडणार नाही," असे म्हणून ते उठले. एका बापाची ही विनंती मला रास्त वाटली. मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे राजघाटाकडे निघालो. वाटेत एका ओट्यावर बसलेल्या आजींनी तिला थांबवले. कोठल्याशा जाहिरातीचा कागद पुढे करून त्यांनी विचारले, "बाई, तू त्याच पेशींची डॉक्टर ना? या सुईने माझे गुडघे बरे होतील का?" ती त्यांच्याशेजारी बसली. रक्ताच्या काही विकारांत मूलपेशींचे रोपण हा मान्य उपचार आहे. परंतु गुडघ्यासाठी म्हणून जे विकले जाते ते अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार पैसे घेऊन करता येत नाही, हे तिने सोप्या शब्दांत समजावले. "पैसे राहू द्या, आजी. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा." आजी थोड्या हिरमुसल्या, पण त्यांनी कागद घडी करून उशाखाली ठेवला.

घाटावर पोहोचलो. पैलतीरी जैनाबाद दिसत होते. शहाजहान बादशहाची बेगम मुमताजमहल हिने १६३१ साली आपल्या चौदाव्या अपत्यास जन्म देऊन याच शहरी प्राण सोडला. पलीकडच्या आहुखान्यात तिचा देह काही महिने ठेवलेला होता. नंतर तो आग्र्यास नेला. हा इतिहास मी पंचवीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. तिनेही तो माझ्याच तोंडून ऐकलेला. पाण्याकडे पाहत ती म्हणाली, "सर, त्या गोष्टीत बादशहाचे दुःख होते, महाल होता. आई आणि मूल यांच्यात नऊ महिने काय घडते, ते मात्र कोठेच नव्हते. मला तेव्हापासून तेच जाणून घ्यायचे होते."

मग ती आपल्या कामाविषयी बोलू लागली. गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक चपटा पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि सांधल्या जाऊन एक नळी बनते. तिच्यापासूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. माणसाच्या गर्भात ही नळी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होते. म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. ती नीट मिटली नाही तर मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मते. फॉलिक आम्लाने हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून मूल हवे असेल त्या स्त्रीने ते आधीपासूनच घ्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. कडा सांधणाऱ्या पेशींना आपले काम कसे उमगते, हा तिचा विषय. त्यासाठी ती कोंबडीच्या अंड्यातील गर्भ पाहते आणि काचेच्या बशीत मूलपेशी वाढवते. मूलपेशी म्हणजे जिचे भवितव्य अजून ठरलेले नाही अशी पेशी. तिच्यातून स्नायू, मज्जा किंवा त्वचा घडू शकते.

"कोंबडीच्या अंड्यात दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागते, सर. सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी मी जेवायला विसरले होते."

या शास्त्राशी पुण्याचा संबंध जुना आहे, हेही तिच्याकडूनच कळले. १९५० च्या दशकात लीला मुल्हेरकर एडिंबरोस गेल्या, वॅडिंग्टन या नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकल्या आणि परतून पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीच्या गर्भावरील संशोधन रुजवले. अंड्यातून गर्भ काढून काचेच्या कड्यात त्याची वाढ पाहण्याची पद्धत तेथे विद्यार्थ्यांच्या हाती आली. त्यांचे विद्यार्थी सुरेंद्र घासकडबी यांनी पुढे आघारकर संशोधन संस्थेत गर्भाबरोबरच हायड्रा या चिमुकल्या जलचराचाही अभ्यास केला. त्याचे तुकडे केले तर एकेका तुकड्यापासून पुन्हा सबंध प्राणी घडतो.

तेथून आम्ही पूल ओलांडून तिच्या मामांच्या केळीच्या मळ्यात गेलो. कांदेबागेची लागण नुकतीच झालेली होती. हातभर उंचीची रोपे एका ओळीत, एकसारखी. पूर्वी आमच्याकडे केळी मुनव्यांपासून लावीत. त्यांबरोबर जुन्या बागेतील रोगही नव्या बागेत येत. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धित रोपे आणली आणि तापीकाठची शेती पालटली. ती रोपाशी वाकून म्हणाली, "बाबा विचारतात, मी करते तरी काय. मामांना विचारा म्हणावे. कंदाच्या टोकाचा कोवळा कोंब घेतात, त्यात न थांबता वाढणाऱ्या पेशी असतात. त्याचे काचेच्या बाटलीत संगोपन करून असंख्य रोपे काढतात. वनस्पतीच्या मूलपेशीच त्या. अख्खे गाव त्यावर जगते, आणि मीच तेवढी काहीतरी भलते करते!"

ती हसली. मला हसू आले नाही. ज्या कामासाठी मी आलो होतो ते बोलण्याची वेळ झाली होती. पण ओठांवर आली ती दुसरीच गोष्ट.

ती नववीत असतानाची. पावसाळ्यात डबक्यातून बेडकांची अंडी आणून तिने एका बरणीत वर्गाच्या खिडकीवर ठेवली होती. रोज मधल्या सुट्टीत ती वहीत त्यांची चित्रे काढी. तपासणीस अधिकारी यायचे होते. वर्गात घाण नको म्हणून मी शिपायाकडून ती बरणी गटारात रिकामी करवली. ती काही बोलली नव्हती. पुढे बी.एस्सी. झाल्यावर सल्ला विचारायला आली, तेव्हाही मी बी.एड. करण्यास सांगितले, तिने ते ऐकले नाही, एवढेच.

"ती बरणी तुला आठवते का?" मी विचारले.

"आठवते, सर. शेपट्या फुटू लागल्या होत्या," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने मला जॉन गर्डन यांची हकीकत सांगितली. इंग्लंडच्या एका नामांकित शाळेत, १९४९ साली, त्यांच्या शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात लिहिले होते की या मुलाने शास्त्रज्ञ होण्याची कल्पना हास्यास्पद आहे. त्याच गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून नवे पिल्लू वाढवून दाखवले, १९६२ साली. घडून गेलेल्या पेशीतही सारा आराखडा शाबूत असतो, हे त्यातून कळले. २००६ मध्ये जपानच्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींना केवळ चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींसारखे केले. दोघांना २०१२ चे नोबेल मिळाले. गर्डन यांनी तो शिक्षकाचा शेरा चौकटीत बसवून आपल्या मेजावर ठेवला होता म्हणे.

"माझ्याजवळ बरणीचे चित्र आहे," ती म्हणाली. "तुम्हाला दाखवायला नाही ठेवलेले. चित्र चांगले आले होते म्हणून."

परतीच्या वाटेवर तिचा दूरध्वनी वाजला. पुण्यात मागे राहिलेली मैत्रीण विचारत होती, पेशींचे पोषक द्रव आज बदलायचे ना. "हो, पाडवा असला तरी. त्यांना सण नसतो," ती म्हणाली आणि किती थेंब, कोणत्या बशीत हे बारकाईने सांगत राहिली. मला तिच्या वडिलांची आठवण झाली. हजारो धाग्यांच्या ताण्यात एक तुटला, तरी त्यांना तो दुरून कळतो. तिची नजर तेथूनच आलेली आहे. शाळेने दिलेली नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. परीक्षेविषयी मी तिच्याशी एक शब्दही बोललो नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले. नोकरीची काळजी खोटी नाही. तिलाही ती आहे, रात्री झोप येत नाही असे ती म्हणाली होती. परंतु ताणा लावून झाल्यावर मध्येच माग सोडून जायला तुम्ही कोणाला सांगाल का, असे मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आत वळून म्हणाले, "सरांना चहा ठेव." होकार मिळाला असे मी समजत नाही, पण तो विषय त्यांनी माझ्याकडे पुन्हा काढला नाही.

बाहेरच्या प्रांतांत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतून अशी मुले आता दूरदूर जात आहेत. डॉक्टर म्हटले की औषध देणारा, आणि नोकरी म्हटली की कायमची, एवढेच आपल्याला ठाऊक. त्यांच्या कामाची चौकशी आपण निदान मळ्यात शिरून तरी करावी, असे मला वाटते.

या पावसाळ्यात मी शाळेच्या खिडकीवर एक बरणी ठेवली. शिपायाने नाक मुरडले. सातवीच्या मुलांनी रोज चित्रे काढली, आणि पाय फुटलेली पिल्ले आम्ही पुन्हा त्याच डबक्यात सोडून आलो. तिला पत्राने कळवले. उत्तर आले, तेही चार ओळींचे: शिष्यवृत्ती आणखी एक वर्ष वाढली आहे, आणि मुलांची चित्रे पाठवा.