दुर्बिणीची बैठक

५० पट मोठे दाखविणारी दुर्बीण थरथरही ५० पट मोठी करते. बडोद्यास माझ्या परिचयातील एका मुलाची दुर्बीण "काच वाईट" म्हणून वडील विकावयास निघाले होते. परंतु दोष होता तो लटपटत्या तिपाईचा. आम्ही नळी आडवी धरून तिपाईचे स्क्रू सोडविले व डबीत जपून ठेवले. सुताराने जड लाकडी पेटी करून दिली. तीत नळी वरखाली होते आणि पेटी पाटावर फिरते. ही साधी युक्ती जॉन डॉब्सन यांनी रूढ केली. १९६७ पर्यंत ते वेदान्ताश्रमात संन्यासी होते. पुढे त्यांनी भररस्त्यात वाटसरूंना आकाश दाखविले. १६१० साली गॅलिलिओने पाहिलेले गुरूचे चार चंद्र आता त्या नळीतून स्थिर दिसतात. वाचकहो, मूल अभ्यासात अडखळले, तर त्याच्या बुद्धीस बोल लावण्यापूर्वी त्याच्या पायाखालचा आधार पाहावा.