पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

लहान मुलांच्या हाती मोठ्या वस्तूंच्या लहान प्रतिकृती देण्याची चाल सर्व देशांत आढळते. आमच्या विदर्भात तर या चालीस एक स्वतंत्र सणच लाभला आहे. श्रावणी अमावास्येस खऱ्या बैलांचा पोळा पार पडला, की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकांवर उभे केलेले लाकडी नंदीबैल दोरीने ओढीत मुले घरोघर जातात आणि वडीलधारी मंडळी त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. या लाकडी बैलाकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? त्याचे वशिंड खऱ्या बैलाच्या मानाने फारच उंच असते, शिंगे ऐटदार, मान राजासारखी. सुताराचे माप चुकलेले नसते. ज्याच्या बळावर घरात धान येते तो बैल धानकऱ्याच्या मनात जेवढा मोठा असतो, तेवढाच सुताराने तो कोरलेला असतो.

त्याच दिवशी आमच्याकडे दुसरीही एक प्रतिमा निघते. ती मारबतीची. तिचे तोंड अक्राळविक्राळ, हात लांबलचक, अंग अवाढव्य. गावातील रोगराई आणि पीडा तिच्या माथी मारून लोक तिला वेशीबाहेर नेतात व जाळतात. येथेही मापाचा प्रश्न कोणी काढीत नाही. तात्पर्य, प्रेमाने घडविलेली प्रतिमा असो की भयाने, दोहोंतही प्रमाण सुटते. माणूस ज्यावर जीव टाकतो ते त्याला मोठे दिसते, आणि ज्याला भितो तेही मोठेच दिसते.

या दोन्ही जातींहून निराळी अशी एक तिसरी प्रतिमा मध्यंतरी आमच्या घरी आली, आणि तिने बरेच दिवस आमच्या मनाचा ठाव सोडला नाही. आमचे धाकटे बंधू पुण्यास असतात. त्यांचे चिरंजीव शिक्षणानिमित्त आमच्याजवळ गोंदियास राहतात. त्यांनी खाऊचे पैसे साठवून एक पेटी मागविली. पेटीत चिनी सैन्याच्या ‘टाइप 15’ या नव्या रणगाड्याचा जोडावयाचा संच होता. शेकडो बारीक तुकडे प्लॅस्टिकच्या चौकटींत फळांसारखे देठांनी लटकलेले; प्रत्येकाजवळ त्याचा क्रमांक. पट्ट्याची एकेक कडी सुटी. कागदाहून फार जाड नसलेल्या पितळी पत्र्यातून कोरलेल्या जाळ्या निराळ्या. जोडण्यासाठी जे द्रव येते त्याला आम्ही डिंक म्हणालो, तेव्हा चिरंजीवांनी आम्हांस समजावून दिले, “काका, हे चिकटवत नाही. हे दोन्ही कडा जराशा विरघळवतं, आणि मग त्या एक होऊन वाळतात.” पुढील पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या मेजाचा अर्धा भाग या कामी लागला होता, हे सांगावयास नकोच.

तोंडावर गोष्ट काढली ती शेजारच्या एका सद्गृहस्थांनी. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आपली पोरं सीमेवर ज्याच्या तोफेसमोर उभी राहिली, तो तुमच्या घरात शोभेला?” प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. 15 जून 2020 रोजी गलवानच्या खोऱ्यात आपले 20 सैनिक कामी आले. त्याच महिन्याच्या 29 तारखेस सरकारने 59 चिनी मोबाइल ऍप्सवर बंदी घातली, आणि चिनी मालाच्या बहिष्काराची भाषा घरोघर सुरू झाली. ऑगस्टअखेर पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडील डोंगरांवर, 15,000 फुटांहून अधिक उंचीवर, आपले रणगाडे चढले आणि चिनी रणगाड्यांसमोर उभे ठाकले. 2021 च्या फेब्रुवारीत ते दोन्ही बाजूंनी मागे घेण्यात आले. ज्या घरातील मुलगा त्या थंडीत पहाऱ्यावर होता, त्या घरास अशा पेटीचे कौतुक वाटणार नाही. आणि विदर्भातील कित्येक घरांतील मुले सैन्यात आहेत.

शेजाऱ्यांना उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्या वस्तूचे स्वरूप नीट समजून घेण्याचे ठरविले. पेटीवर 1:35 असे प्रमाण छापलेले होते. पस्तीसच का? तीस नाही, चाळीस नाही, हा आडवा आकडा कोठून आला? त्याची हकीकत मौजेची आहे. जपानातील तामिया ही मूळची लाकडाचा धंदा करणारी कंपनी. 1960 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तिने जर्मनांच्या पँथर रणगाड्याची एक चालती प्रतिकृती काढली. आत विजेची मोटार आणि दोन सेल बसले पाहिजेत, एवढ्या सोयीने तिचा आकार ठरला. आणि मागाहून हिशेब करून पाहता तो खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. पुढे साऱ्या जगाने तेच माप उचलले. आता ट्रंपेटर, मेंग इत्यादी चिनी कंपन्याही याच मापाने संच करतात. दोन सेलांच्या लांबीरुंदीने जगातील सर्व सैन्यांचे रणगाडे एका मापावर आणून बसविले, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

परंतु एकदा प्रमाण ठरले, की मग विनोद संपतो आणि गणित सुरू होते. खऱ्या रणगाड्याची तोफ 105 मिलिमीटर व्यासाची. प्रतिकृतीत ते तोंड नेमके 3 मिलिमीटरचे होते. आमच्याकडील धानाचा एक दाणा त्यात कसाबसा शिरेल. लांबी पस्तीस पटींनी घटली, तर पृष्ठभाग 1,225 पटींनी घटतो आणि घनफळ 42,875 पटींनी. खऱ्याचे वजन सुमारे 33 टन धरले आणि प्रतिकृती त्याच पोलादाची भरीव-पोकळ जशीच्या तशी केली, तर ती अवघी पाऊण किलो भरेल. प्लॅस्टिकची तर त्याहून कितीतरी हलकी.

हा रणगाडा हलका का केला, हेही त्या वजनातच आहे. चीनजवळ याहून पुष्कळ जड, 125 मिलिमीटरच्या तोफेचे रणगाडे आहेत. परंतु उंच पठारावर हवा विरळ होते, एंजिनांचा दम तुटतो, आणि जड यंत्र चढणीवर व कच्च्या पुलांवर अडते. म्हणून तिबेटच्या पठारासारख्या मुलखासाठी हा निराळा घडविला, आणि 1 ऑक्टोबर 2019 च्या बीजिंगमधील संचलनात तो जगास दाखविला. त्यास उत्तर म्हणून आपल्याकडे 25 टनांचा ‘जोरावर’ तयार झाला. जुलै 2024 मध्ये हजिरा येथे तो लोकांपुढे आला. ज्या डोगरा सेनापतीचे नाव त्यास दिले, तो जोरावरसिंग 1841 मध्ये तिबेटवर चालून गेला आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तेथेच पडला. ही सर्व माहिती आमच्या पुतण्याने त्या पेटीच्या निमित्ताने मिळविली. भूगोलाच्या पुस्तकात ‘पठार’ हा शब्द त्याने याआधीही वाचलेला होता; पण त्या शब्दाचे वजन त्याला प्रथमच कळले.

मग आम्ही शेजाऱ्यांना म्हणालो, “अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, आपल्या चिलखती दलाने 1994 साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील जपानी रणगाडे आहेत, पाकिस्तानाकडील पॅटन आहेत. ज्यांनी त्यांच्याशी झुंज घेतली त्यांच्याच दलाने ते जतन केले. वितळवून टाकले नाहीत. शत्रूचे शस्त्र ओळखून असणे हा त्याचा गौरव नव्हे.” आपल्या सैन्यात भीष्म या नावाने असलेल्या टी-90 जातीच्या रणगाड्याचे संच चिनी कंपन्याही विकतात, हेही आम्ही सांगितले. म्हणजे तिकडील एखाद्या गावी एखादा मुलगा त्या रणगाड्याच्या कड्या मोजीत बसला असेल. त्याने मोजाव्यात आणि आमच्याने मोजू नयेत, यात शहाणपण कोणते? शेजारी हसले, पण त्यांचे समाधान पुरते झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. काहीतरी मोजावयाचे राहून गेले होते.

ते आमच्या ध्यानी आणून दिले ते अर्जुनी-मोरगाव तालुक्याने. गोंदियाहून वडशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अर्जुनी लागते. तेथून पुढे प्रतापगडच्या डोंगराकडे, महाशिवरात्रीस जेथे मोठी यात्रा भरते त्या बाजूस, गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग ही वसाहत आहे. ती 1972 साली वसली. दलाई लामा 1959 च्या मार्चअखेर भारतात आले, आणि त्यांच्यामागून हजारो माणसे हिमालय ओलांडून आली. त्यांपैकी काहींच्या नशिबी आमच्या जिल्ह्यातील हे जंगल आणि ही धानाची जमीन होती. बर्फाच्या मुलखातील माणसांनी नवेगावबांधच्या शेजारी उन्हाळे कसे काढले असतील, याची कल्पना ज्यांनी येथील मे महिना पाहिला आहे त्यांनाच येईल. हिवाळ्यात तिबेटी बाजारातून स्वेटर आपण सर्वच घेतो. ते विकणारा कोठून आला, हे विचारण्याइतका वेळ मात्र आपल्याला नसतो.

तेथील एक तरुण आमच्या पुतण्याचा वर्गबंधू. एका रविवारी तो आमच्याकडे आला. त्याचा जन्म येथलाच. मराठी आमच्याइतकीच सफाईदार. मेजावरील रणगाडा त्याने हातात घेतला, उलटा करून पट्टा पाहिला, आणि खाली ठेवला. आमच्या पुतण्याला जरा अवघडल्यासारखे झाले असावे. तो म्हणाला, “तुझ्या आजोबांनी असले रणगाडे पाहिले असतील, नाही का रे?”

“रणगाड्यांचं ते कधी बोलले नाहीत,” तो तरुण म्हणाला. “चालण्याचं बोलायचे. रात्री चालायचे आणि दिवसा लपायचे, एवढंच सांगायचे.”

“किती दिवस?”

“ते विचारलं, की गप्प बसायचे.”

एवढे बोलून त्याने अभ्यासाची वही उघडली. आमच्या सौभाग्यवतींनी चहा आणला, आणि गोष्ट तेथेच थांबली.

सायंकाळी तो गेल्यावर आमचा पुतण्या कागदावर काही हिशेब करीत बसलेला दिसला. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, “काका, पाच फूट सहा इंचांचा माणूस या मापात अठ्ठेचाळीस मिलिमीटर भरतो. पेटीत माणूस नव्हता. माणूस शेजारी नसला, तर हा केवढा आहे ते कळतच नाही.” मग रिकाम्या झालेल्या चौकटीचे देठ कापून, विरघळवून, घासून त्याने बोटाच्या दोन पेरांएवढा एक माणूस तयार केला. त्याच्या पाठीवर एक गाठोडे होते. त्यास त्याने रणगाड्याच्या समोर उभे केले. वीतभर लांबीचा तो सुबक खेळ एकाएकी केवढा तरी थोराड दिसू लागला.

त्या क्षणी आम्हांस 5 जून 1989 चा दिवस आठवला. बीजिंगच्या रुंद रस्त्यावर रणगाड्यांची रांग, आणि तिच्यासमोर हातात पिशव्या घेऊन उभा राहिलेला एक मनुष्य. त्याचे नाव जगास अद्याप ठाऊक नाही. ज्या जातीचे ते रणगाडे होते, त्या ‘टाइप 59’चे संच बाजारात मिळतात. त्या मनुष्याची प्रतिकृती चिनी कंपनीच्या पेटीत मिळणार नाही, हे सांगावयास ज्योतिषी नको. तथापि त्याच्यावाचून ते चित्र अपुरे आहे; कारण त्या दिवशी साऱ्या जगाने रणगाड्याची उंची मोजली ती त्याच्याच शेजारी.

आमच्या मते येणेप्रमाणे या तिसऱ्या प्रतिमेचे स्थान ठरते. ती नंदीसारखी पुजावयाची नाही, आणि मारबतीसारखी जाळावयाचीही नाही. ती मापाने पाहावयाची. प्रेमाने व भयाने सुटलेले प्रमाण ज्ञानाने पुन्हा हाती येते, आणि ज्या राष्ट्राला बलाढ्य शेजारी लाभला आहे त्याला या प्रमाणाची गरज इतरांहून अधिक आहे. मात्र ज्ञानाचे हे माप लोखंडापुरते ठेवून चालत नाही. तोफेचे तोंड किती, वजन किती, हे पेटी सांगते. ते यंत्र ज्याच्यासमोर येऊन उभे राहते त्याची उंची किती, हे आपल्यालाच मुलांना सांगावे लागते. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी पेटी आली, तर ती हिरावून घेऊ नये व तिचे फाजील कौतुकही करू नये. मुलाला एवढेच विचारावे, की या मापात माणूस केवढा होतो. आणि तो माणूस कोण असावा, हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे.