अभ्रकाचा तुकडा आणि काकड्याचा माईक

आज भाताचं काही नाही. इंद्रायणी पोटरीत आहे, पाऊस उघडझाप करतोय, बांधावर बसून बघण्यापलीकडे काम नाही. म्हणून घरात चाललंय ते लिहितो. पण ज्यांच्याकडे स्टार्टर, ऑटो स्विच किंवा ओलाव्याचे सेन्सर आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कामाचं आहे.

कोजागिरीपासून देवळात काकडा सुरू होतो. पहाटे चारला बुवा अनवाणी उभे असतात. फरशी दवानं आणि सड्याच्या पाण्यानं ओली, हातात लोखंडी माईक. गेल्या साली भाड्याच्या सेटवर दोघांना झिणझिण्या आल्या. बुवा हसून म्हणाले, "देव अंगात येतोय." मला काही हसू आलं नाही. ओल्या पायानं करंट म्हणजे काय ते मोटारीवर काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पुतण्या आयटीआयला वायरमन करतोय. म्हणाला, "तात्या, आपणच करू की." बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून माईकच्या प्रीॲम्पचं किट आणलं. बोर्ड, सुटे पार्ट, ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची पेटी. माईकचा बारीक आवाज मोठ्या ॲम्प्लिफायरला पचेल एवढा करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. सोल्डरिंग पोरानं सुरेख केलं. घोटाळा होतो तो बोर्ड पेटीत बसवताना.

बोर्डावर दोन रेग्युलेटर असतात, ७८१२ आणि ७९१२. एक अधिक बारा व्होल्ट देतो, दुसरा उणे बारा. दिसायला जुळे भाऊ. दोघांच्या पाठीला भोक असलेली धातूची पट्टी. पोरानं दोन्ही सरळ पेटीच्या पत्र्याला बोल्टनं आवळायला घेतले, थंड राहतील म्हणून. मी म्हटलं थांब, आधी मीटर लाव. मीटरनं दाखवलं ते असं: ७८१२ ची पाठ त्याच्या मधल्या पायाला जोडलेली, म्हणजे ग्राउंडला. ७९१२ ची पाठसुद्धा मधल्याच पायाला, पण त्याचा मधला पाय ग्राउंड नसतो, तिथे आत येणारा उणे सप्लाय असतो. म्हणजे तो उघडा पत्र्याला आवळला की उणे सप्लाय थेट पेटीला शॉर्ट. फ्यूज जाडा असेल तर तो उडतही नाही, ट्रान्सफॉर्मर हळूहळू तापून वास सोडतो. ७८१२ उघडा आवळला तर काही जळत नाही, पण ग्राउंडला दुसरी वाट मिळते आणि स्पीकरमध्ये घूंऽऽ सुरू.

यावर उपाय जुनाच, अभ्रक. पाठ आणि पत्रा यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालायचा, दोन्ही अंगाला पांढरी पेस्ट लावायची. अभ्रकातून उष्णता बऱ्यापैकी जाते, वीज जात नाही. पण नुसतं अभ्रक पुरत नाही, कारण बोल्ट स्वतः लोखंडाचा. बोल्टला प्लास्टिकची टोपीसारखी बुश घालावी लागते, नाहीतर पाठीचा करंट बोल्टमधून पत्र्यात उतरतो. अजून एक: ड्रिलनं पाडलेल्या भोकाला धारदार कडा राहते, ती अभ्रक फाडते. मोठा बिट हातानं फिरवून ती कडा मारायची. आवळून झालं की मीटर बझरवर ठेवून पाठ आणि पेटी तपासायची. बझर वाजला तर सगळं परत खोला.

खरं सांगायचं तर एवढ्याशा प्रीॲम्पला हे करायची गरजही नव्हती. त्याला करंट लागतो तीस-चाळीस मिलिअँपिअर, रेग्युलेटर नुसता कोमट होतो. आम्ही शेवटी दोन्ही रेग्युलेटर पत्र्यापासून लांब, हवेत उभे ठेवले. हवेसारखं फुकट इन्सुलेशन नाही. अभ्रक मोठ्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला लागतं, तिथे ते टाळता येत नाही.

ट्रान्सफॉर्मर मात्र बदलला. किटमध्ये बारा-शून्य-बारा होता. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० ला येतं. तेव्हा रेग्युलेटरला साडेबाराच्या आसपासच मिळणार, आणि त्याला बारा द्यायला किमान चौदा तरी लागतात. मग तो धापा टाकतो आणि गुणगुण ऐकू येते. पंधरा-शून्य-पंधरा लावला, प्रश्न मिटला. कपॅसिटर तेवढे ३५ व्होल्टचे बघून घ्या.

२३० व्होल्टच्या बाजूला, म्हणजे स्विच आणि फ्यूज होल्डरच्या टोकांना, काळी टेप गुंडाळू नका. उन्हाळ्यात गोंद पातळ होतो आणि टेप सुटते, हे आपण पंपाच्या पेटीत दरसाल बघतो. तापवून आक्रसणारी स्लीव्ह वापरा. ती जोड मारण्याआधी वायरीत ओवायची असते, सबमर्सिबलच्या केबलला करतो तसंच. माईकचं सॉकेटही पत्र्यापासून प्लास्टिक वॉशरनं वेगळं ठेवलं, ग्राउंड एकाच जागी जोडलं.

आता एवढं सगळं वेगळं केल्यावर पोरगं म्हणालं, "मग अर्थिंगची हिरवी वायर पण लांबच ठेवू." नाही! ती एकच वायर पेटीला घट्ट भिडली पाहिजे, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. घूं येतं म्हणून काही जण अर्थिंगच काढून टाकतात. त्यांना घूं चालत नाही, बुवांना झटका बसलेला चालतो का?

पहिल्यांदा वीज देताना वायंडिंगवाले वापरतात तो सिरीज दिवा वापरला, साठ वॅटचा. दिवा क्षणभर मिणमिणला आणि विझला. पूर्ण पेटून राहिला असता तर आत शॉर्ट.

वेल्ह्याच्या अंगाला, मढे घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी जादा. तिकडे चार महिने भिंतीला ओल असते. बोर्डावरचा सोल्डरचा चिकटा स्पिरिटनं पुसून वर पारदर्शक वॉर्निश मारा, फिरवायची बटणं आणि सॉकेट सोडून. पेटीच्या भोकांना बारीक जाळी लावा, पाल आणि मुंग्या आत जाऊन शॉर्ट करतात. कृषी सहायक मंडळींना सांगणं: जमिनीत खोचायचे स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर कापलेल्या कडेनं पाणी पितात आणि आकडे भलतेच दाखवतात. कडेला नेलपॉलिश किंवा इपॉक्सीचे दोन हात द्या. वायर जोडायची वरची बाजूही झाका.

देवळाच्या मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचं ठरलंय, वर्गणी सुरू आहे. अर्थिंगचा खड्डा खोलून बघितला तर कोळसा-मीठ कोरडं ठणठणीत, भर पावसात, कारण वर कोणीतरी फरशी बसवली. उद्या ती काढतोय. कोणाकडे मेगर असेल तर दोन दिवस द्या, डिझेल माझं.