मध्ये बसलेला फिडलर

कुंभकोणमहून मायिलादुतुरैच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर तिरुभुवनम् येतं. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं कंपहरेश्वराचं देऊळ आणि रेशमी साड्या ही गावाची ओळख. इथल्या साडीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता ती वेबसाइटवरूनही विकली जाते, म्हणून फिडलरला इथेही काम असतं.

फिडलर हा विंडोजवर चालणारा वेब डिबगर. एरिक लॉरेन्स यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असताना तो लिहिला. पुढे २०१२ मध्ये टेलरिक या बल्गेरियन कंपनीने तो घेतला. दिसायला रुक्ष: डावीकडे लांबलचक यादी, उजवीकडे तपशील. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये, ८८८८ क्रमांकाच्या पोर्टवर तो प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून ठाण मांडून बसतो. इकडून गेलेलं आणि तिकडून आलेलं सगळं त्याच्या हातून जातं, आणि तो ते जसंच्या तसं दाखवतो. मला त्याचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो. आमच्या धंद्यात निम्मा वेळ चूक कोणाची या वादात जातो. पान बनवणारा सर्व्हरकडे बोट दाखवतो, सर्व्हरवाला पानाकडे. फिडलर कोणाचीच बाजू घेत नाही.

इथल्या एका साडीच्या दुकानाची साइट विचित्र वागत होती. ब्लाउजपीसची ऑर्डर सुरळीत जायची, साडीची मात्र अडायची. पडद्यावर एकच वाक्य: ‘पुन्हा प्रयत्न करा’. फिडलर लावला. यादीत एक ओळ लाल झाली, निकाल ४००, म्हणजे विनंतीच चुकीची. ती उघडून पाठवलेला मजकूर पाहिला, तर रकमेच्या जागी ‘१२,५००’. गिऱ्हाइकाला वाचायला सोपं जावं म्हणून घातलेला स्वल्पविराम तसाच सर्व्हरकडे जात होता, आणि सर्व्हरला तिथे निव्वळ आकडा हवा होता. हजाराच्या आतल्या ब्लाउजपीसला स्वल्पविराम लागतच नव्हता! सर्व्हरने उत्तरात कारण स्पष्ट लिहिलंही होतं, पण पानाने ते गिळून टाकलं होतं. ती ओळ ओढून फिडलरच्या कंपोझरमध्ये, म्हणजे विनंती बदलून पुन्हा पाठवायच्या जागी, टाकली, स्वल्पविराम काढला, पुन्हा पाठवली. उत्तर आलं २००, म्हणजे ठीक. कोडला अजून कोणी हातही लावला नव्हता, आणि वाद मिटला होता. मागावर ताणा तुटला की विणकर हात थांबवतो आणि हजारो धाग्यांतून नेमका तुटलेला शोधतो. फिडलरच्या यादीसमोर बसायचं ते तसंच, न चिडता.

त्याचा स्वभाव मात्र सांभाळावा लागतो. तो अचानक बंद पडला, तर विंडोजची प्रॉक्सी कधीकधी त्याच्याच नावावर राहते आणि सगळं इंटरनेट गेल्यासारखं वाटतं. नवखी माणसं राउटर बंद-चालू करत बसतात. सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सी काढली की झालं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एचटीटीपीएसचं कुलूप उघडायला तो संगणकावर स्वतःचं प्रमाणपत्र बसवतो. त्याचं नाव ‘डू नॉट ट्रस्ट फिडलर रूट’, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवू नका, असं तो स्वतःच लिहून देतो. इतका प्रामाणिक प्रोग्रॅम मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा ते प्रमाणपत्र मान्य केलं, की तुमचे पासवर्ड, कुकीज, कार्डाचे आकडे, सगळं त्याच्या यादीत उघडं पडतं.

हा फिडलर, म्हणजे फिडलर क्लासिक, फुकट मिळतो आणि वेबवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो शिकावाच. पण काम संपलं की ऑप्शन्समध्ये जाऊन ते प्रमाणपत्र काढून टाका. आणि नोंदींची फाइल कोणाला मदतीसाठी पाठवणार असाल, तर आधी ती स्वतः ओळीओळीने वाचा, गिऱ्हाइकाची माहिती असलेल्या ओळी पुसा, वर पासवर्ड घाला, आणि मगच पाठवा.