वीस रुपयांचा कंडेन्सर आणि माझी एक जुनी बातमी

राजेहो, मागच्या आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरनं मान टाकली. बारा-तेरा वर्षांचा जुना डबा. नखरे आधीपासून सुरूच होते. बटण दाबलं की पडदा दोन सेकंद उजळायचा आणि परत काळा. पाच-दहा वेळा चालू-बंद केलं की लागायचा. त्या दिवशी लागलाच नाही. रात्रीची बातमी मोबाइलवर अंगठ्यानं टाइप करून पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात नेला. न उघडताच उत्तर मिळालं, "बोर्ड गेला भाऊ. या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. नवीन घेऊन टाका." नवीन म्हणजे सहा-सात हजार. ग्रामीण वार्ताहराचं मानधन तुम्हाला माहीतच आहे. डबा गाडीवर बांधून रिठदला परत आलो.

ओट्यावर मोटर वाइंडिंग करणारे आमचे शेजारी बसले होते. म्हणाले, "काहून फेकता? खोलून त पाहा. मोटर जळली म्हणून इहीर बुजवते का कोणी?"

खोलला. आत दोन बोर्ड निघाले. एक चित्र सांभाळणारा, दुसरा वीज पुरवणारा. विजेच्या बोर्डावर उभ्या डब्यांसारखे कॅपॅसिटर होते. आपण मोटरच्या आणि पंख्याच्या बाबतीत ज्याला कंडेन्सर म्हणतो, त्याच जातीचे, फक्त लहान. त्यातल्या दोघांची डोकी फुगली होती. बाकीची सपाट. शेजाऱ्यांनी बोट ठेवलं, "हे पाहा तुमचं दुखणं."

आजार साधा आहे. या कॅपॅसिटरच्या आत रसायन असतं. ते उष्णतेनं हळूहळू सुकतं, आत वायू धरतो आणि डोकं फुगतं. मग बोर्डाला स्थिर वीज मिळत नाही आणि मॉनिटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आता आपला वऱ्हाडातला मे महिना आठवा, आणि हा भाग नेमका गरम पट्टीला चिकटून बसवलेला असतो हेही लक्षात घ्या.

एक गोष्ट ठळक सांगतो. याच बोर्डावर एक मोठा कॅपॅसिटर असतो, त्यात तीनशेच्या वर व्होल्ट साठतात. प्लग काढला तरी ते काही वेळ राहू शकतात. आम्ही वायर काढून डबा बराच वेळ ठेवला, मल्टिमीटर लावून व्होल्टेज शून्यावर आल्याची खात्री केली, मगच हात घातला. ज्याला यातलं कळत नाही त्यानं जाणकाराशिवाय झाकण उघडू नये.

वाशीमहून दोन कॅपॅसिटर आणले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच, १०५ अंशांचे. वीस रुपये. पेट्रोल त्याहून जास्त लागलं. सोल्डरिंग मी हौसेनं केलं आणि गन जास्त वेळ टेकवून तांब्याची एक टिकली उखडली. शेजाऱ्यांनी कपाळावर हात मारला, बारीक तार टाकून जोड दिला. उणे बाजूची पट्टी तपासली, झाकण लावलं, बटण दाबलं. लागला. ही पोस्ट त्याच्याच समोर बसून लिहितोय.

आता मूळ मुद्दा.

चार वर्षांपूर्वी मी एका शाळेवर बातमी केली होती. मथळा होता, 'लाखोंचे संगणक धूळ खात पडून'. मुख्याध्यापक म्हणाले निधी नाही. साहेब म्हणाले चौकशी करू. फोटो छान आला होता. पुढं काय झालं? महिनाभरात ती खोली रिकामी झाली. संगणक दुरुस्त झाले नाहीत, भंगारात गेले. मी त्याला बातमीचा परिणाम समजून कात्रण जपून ठेवलं. पोरं मात्र कॉम्प्युटर पुस्तकातल्या चित्रातच पाहत राहिली.

त्या दिवशी मी सगळ्यांना प्रश्न विचारले. एकच विचारला नाही, "यात नेमकं बिघडलंय काय?"

शाळांमध्ये संगणक पोचवणारी केंद्राची आयसीटी योजना २००४ ची. यंत्रं आली, पण देखभालीची मुदत संपली की पुढं त्यांचं पाहायचं कोणी, हा प्रश्न अनेक ठिकाणी अधांतरी राहिला. बंद पडलं की कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातून निर्लेखनाच्या यादीत.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून काही वस्तूंवर त्या दुरुस्त करायला किती सोप्या आहेत याचे गुण छापावे लागतात. पण गावातल्या कारागिराला हवा असतो बोर्डाचा नकाशा आणि सुटा भाग. ते मिळालं नाही तर हक्क कागदावरच.

सगळंच दुरुस्त होतं असं मी म्हणत नाही. फुटलेला पडदा गेला तो गेला. पण भंगारात टाकण्याआधी एकदा झाकण उघडून पाहायला काय हरकत आहे?

येत्या शनिवारी मी आणि शेजारी एका शाळेत जातोय. मुख्याध्यापकांची परवानगी घेतलीय. नऊ मॉनिटर बंद आहेत. वही-पेन नेहमीचंच, यावेळी मल्टिमीटरही सोबत. किती लागले आणि किती नाही, दोन्ही आकडे इथंच सांगीन.

तुमच्या गावच्या शाळेतही अशी खोली असेल तर कळवा. मथळा नंतर पाहू.